दोन रेघा

सोलापूरच्या डॉक्टरांनी शाईपेनानं कागदावर पार्वतम्माचं घराणं मांडलं: बायका गोल, पुरुष चौकोन. महिन्यापूर्वी शाळेच्या मैदानात धावताना कोसळून गेलेल्या नातवाचा चौकोन सगळ्यात खाली होता. “त्याच्या आईबापामधी दोन रेघा का वो?” तिनं विचारलं. “नात्यातलं लग्न म्हणून, आजी. हृदयाचा स्नायू जाड करणारा पिढीजात दोष तुमच्याकडून मुलात आला, मुलीतून तिच्या लेकीतही उतरला. नातवाला तो दोन्हीकडून मिळाला.” लेकीच्या पोरीला परकी सासू टाकून बोलेल, म्हणून पार्वतम्मानंच ती आपल्या मुलाला करून घेतली होती. आणि महिनाभर तीच पोरीला टाकून बोलत होती, “तू खेळाय सोडलंस, म्हणून गेला.” पोर शेजारी खाली मान घालून बसली होती. पार्वतम्मा डोळे पुसलेल्या ओल्या पदरानंच त्या दोन रेघा पुसायला लागली. शाई पसरत खाली नातवाच्या चौकोनापर्यंत गेली.