घरी मागते का?

चिमीने बशीतल्या बिस्किटाकडे पाहिलं, समोरची चित्रं चाळली, त्यातलं बिस्किटाचं चित्र उचललं आणि ताईच्या तळहातावर ठेवलं.

"बिस्कीट हवंय चिमीला," असं म्हणत ताईने लगेच बिस्कीट दिलं.

मागच्या बाकावर बसलेल्या आईने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. आठ वर्षांची चिमी बोलत नव्हती. भूक लागली, झोप आली, चपलेत खडा गेला, सगळं आईला तिच्या नुसत्या मान वळवण्यावरून कळायचं. नातेवाईक तोंडभरून कौतुक करायचे. आणि ही कालची पोरगी, विशेष शिक्षणाची मोठी पदवी घ्यायला आलेली, एका सत्रात चिमीला चित्र देऊन मागायला शिकवून मोकळी. चिमी तिच्या हातात हात काय देते, तिच्या मांडीला रेलते काय. आईला बघवत नव्हतं.

आज ताईचा परीक्षेचा पाठ होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खिडकीशी बसून लिहीत होत्या. पाठ संपला तशा त्या आईकडे वळल्या. वर्गात शिकलेलं मूल घरीही करत असेल तरच ते शिकलं असं आम्ही धरतो, त्यांनी समजावून सांगितलं. नाहीतर ताईला हे सत्र पुन्हा करावं लागेल. पदवी लांबेल आणि शिकवण्याचा परवानाही.

"घरी मागते का ती?"

"नाही," आई म्हणाली. "इथेच काय ते. घरी काही नाही."

ताईने झटकन वर पाहिलं. चिमी बाबांच्या हातात आंघोळीचं चित्र देते, तो व्हिडिओ बाबांनीच तिला गेल्या आठवड्यात पाठवला होता. फोन समोर टेबलावरच होता. तिने तो उचलला नाही. आईंना जास्त माहीत असणार, एवढंच पुटपुटली आणि चित्रं गोळा करू लागली. कान तेवढे लाल झाले होते.

आईला वाटलं होतं, बरं वाटेल. क्षणभर वाटलंही.

बाई पुन्हा लिहू लागल्या. तेवढ्यात चिमीने ओठांवरून जीभ फिरवली. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, उघडली आणि पुढे जाऊन तिच्या तोंडाला लावली. चिमीने एक घोट घेतला तोच बाईंचं पेन थांबलं.

"तिने मागितलं कधी?"

"मागायचं कशाला? मला कळतं की."

आई बोलून गेली. बाटली मागे घेतली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही.

"मागते," आई शेवटी म्हणाली. "बाबांकडे मागते. आजीकडे मागते. परवा शेजारच्या काकूंना जाऊन झोक्याचं चित्र दिलं. सगळ्यांकडे मागते. माझ्याकडे सोडून."

बाईंनी लिहिलेली ओळ खोडली. ताई आईकडे बघून हसली, डोळे भरून आले होते तिचे. आईला तेही आवडलं नाही. तरी तिने बाटलीचं झाकण लावलं, मागे जाऊन ती बाकावर ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

चिमीची तहान भागली नव्हती. तिने बाटलीकडे पाहिलं, टेबलावरच्या गठ्ठ्यातून पाण्याचं चित्र शोधून काढलं आणि सवयीने ताईकडे निघाली.

ताईने तिच्याकडे पाठ केली आणि कोराच असलेला फळा पुसायला घेतला.

चिमी मधेच थांबली. चित्र छातीशी धरून तिने खोलीभर पाहिलं. फळा, खिडकी, बाई. मग तिची नजर हळूहळू मागच्या बाकाकडे यायला लागली.

आईने हात आणखी घट्ट दाबून धरले.