मागे जोडलेली तीनचाकी

एके काळी मोठ्या गॅरेजकडे हमखास तीनचाकी मोटारसायकल असायची. मेकॅनिक तिच्यावरून गिऱ्हाइकाच्या घरी दुरुस्तीची गाडी आणायला जायचा, तिचं पुढचं टोक दांडीने गिऱ्हाइकाच्या गाडीमागे जोडायचा आणि ती गाडी चालवत एकटाच दोन्ही घेऊन परतायचा.

दोघा भावांच्या या गॅरेजची तीनचाकी आज एका शौकिनाला विकली जाणार होती. डोंगराच्या उतारावर धाकटा भाऊ तिच्यावरूनच दरीत फेकला जाऊन मेला होता. तिचे ब्रेक गेलेत हे ठाऊक असूनही थोरल्याने त्याला पाठवलं होतं. आता गॅरेज एकट्या थोरल्याचं होतं.

शौकिनाकडे पोचवायला थोरल्याच्या गाडीमागे तीनचाकी जोडली ती धाकट्याच्या बायकोने.

"घट्ट बसवलीस ना?"

"निर्धास्त जा, भावजी. ती तुमची पाठ सोडायची नाही."

"जीभ फार चालते तुझी."

"हात त्याहून बरे चालतात. ह्यांनीच शिकवलंय."

पहिल्या वळणावर थोरल्याने आरशात पाहिलं. ओढून नेलेल्या तीनचाकीचं हँडल गाडीच्या मागोमाग वळतं. हे आधी वळलं. मग गाडी वळली.

"भास होतोय," तो पुटपुटला.

पुढच्या चौकात त्याला सरळ जायचं होतं. आरशात हँडल डावीकडे झालं आणि त्याच्या मुठीतलं स्टिअरिंगही डावीकडे फिरलं. हा रस्ता त्याच उताराचा होता. अपघातानंतर तो इकडे फिरकला नव्हता.

त्याने ब्रेकवर पाय रोवला. वेग वाढतच गेला.

समोर रस्ता अगदी सरळ होता. आरशात रिकाम्या सीटपुढचं हँडल सावकाश दरीकडे वळू लागलं.