दहा इंचांची झांज

"ज्याने ही कापली, त्याला फाशी द्यायला हवी होती," म्हातारा कारागीर म्हणाला.

"कापली?" तिने विचारलं. "ही अशीच नव्हती? माझ्या आत्याची आहे. गेल्या महिन्यात ती गेली."

"मग फाशीतून सुटल्या बिचाऱ्या." त्याने जीभ चावली. "माफ करा ताई. माझं तोंडच असं आहे."

त्याचं दुकान म्हणजे एकच लांब खोली होती. भिंतीला उघडे ड्रम टेकलेले होते, सरसाचा वास भरून राहिला होता आणि खिडकीखाली लाकडी टेबल होतं. टेबलावर तिने आधीच एक कागद पसरला होता. व्यास, चार ठिकाणची जाडी, वजन. तराजू तपासून प्रमाणित करणं हे तिचं रोजचं काम. घरी आलेली कुठलीही वस्तू ती आधी मोजायची. कारागिराने कागद वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "झांज आणलीत की पेशंट?"

ती हसली नाही. आत्या एका हॉटेलच्या वाद्यवृंदात ड्रम आणि त्यांच्यासोबतच्या झांजा काठ्यांनी वाजवायची. ही चार वर्षांची असताना हिची आई दवाखान्यात होती, तेव्हा आठ महिने ही आत्याकडे राहिली. मग बाबा तिला परत घेऊन आले. "आत्याच म्हणाली, पोर आल्यापासून माझं वाजवणं बंद पडलंय, घेऊन जा," हे वाक्य तिने घरात इतक्या वेळा ऐकलं होतं की ते आपल्याला आठवतंय असंच तिला वाटायचं. खरं आठवायचं ते एवढंच: एक गुडघा, त्याला धरून उभं राहणं, आणि पायाखालची थरथरणारी फरशी. त्यानंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. छत्तीस वर्षांनी आत्याच्या शेजारणीने पार्सल पाठवलं. दादाला घड्याळ, ताईला शिलाई मशीन आणि हिला ही झांज. दादा फोनवर म्हणाला होता, "तुला झाकण आलंय म्हणे. बघ, कुठल्या पातेल्याला बसतंय का."

झांज कुठल्या बनावटीची आहे हे विचारायला ती आली होती. तिला हवं होतं ते वेगळंच. आत्याने ही आपल्यासाठी आठवणीने ठेवली, की घर रिकामं करताना उरली म्हणून नावावर टाकली?

"बनावट कळेल?" तिने विचारलं. "ठसा मी भिंगाने शोधला. सापडला नाही."

"नाहीच सापडणार." त्याने झांज बोटावर तोलली आणि मधल्या फुगवट्यावर अंगठा फिरवला. "हा बघा, केवढा आहे. डोकं मोठ्या झांजेचं, अंग छोटीचं. काठाकडे जाताना पत्रा पातळ होत जातो, हिचा झालाच नाही. तुमच्याच कागदावर आहे की. ही वीस इंचांची होती. काशाची, हाताने ठोकलेली. वाजवणारे अशी झांज मिळावी म्हणून जन्मभर फिरतात."

"तडा गेला असेल. म्हणून कापली असेल."

"तडा काठाला जातो. बोटभर पट्टी काढली की भागतं. इथे विसाची दहा केलीय. चांगल्या, धडधाकट झांजेची." तो थांबला. झांज त्याने खिडकीपाशी नेली, तिरपी धरली, पुन्हा सरळ केली. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बोट फिरवा इथे. काठावरून. घाबरू नका."

तिने बोट फिरवलं. काठ चमच्याच्या काठासारखा गोल होता.

"कानस मारलीय, मग बारीक पॉलिशपेपर, मग कापड. दोन-तीन दिवसांचं काम आहे हे. कशाला केलं असेल? काठीला धार लागत नाही ताई. धार बोटांना लागते." त्याचा आवाज खाली आला होता. "दहा इंचांची मी एकदाच कापलीय. माझ्या नातीसाठी. तीसुद्धा फुटकी होती म्हणून. चांगली कापायची माझी छाती झाली नसती."

तिने भिंग उचललं. वरच्या बाजूला काठ्यांच्या बारीक खुणा होत्या, शेकडो. त्या आत्याच्या. काठाच्या त्या गोल पट्टीवर मात्र काहीच नव्हतं. तिने पूर्ण फेरी तपासली. मग उलट दिशेने पुन्हा तपासली.

"कापल्यानंतर हिच्यावर काठी पडलेलीच नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही. पण हे बघा." टाचणीच्या टोकाने त्याने एका खोबणीतून पांढरी भुकटी काढली. "पॉलिश. सगळ्या खोबण्या भरल्यात. खालची बाजू काळी, वरची लखलखीत. वाजवणारा माणूस झांज पुसत नाही, मळाने आवाज मुरतो. ही वाजवायची नव्हती. नुसती तयार ठेवायची होती."

"किती वर्षं पुसली असेल?" तिने विचारलं. कुठलीही गोष्ट ती अशीच विचारायची, आकड्यात.

"ते कसं सांगू? ठसा निघून जाईपर्यंत."

तिने भिंग खाली ठेवलं.

कारागीर गुंडाळायला कापड शोधू लागला. कप्प्यात हात घालून, पाठमोराच, तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "आणि ज्या पोरासाठी एवढं केलं, ते काही आलं नाही."

"आलंय," ती म्हणाली. "उशीर झाला."