लोर्नाताईचं मशीन

"आता आजची शेवटची वस्तू," लोर्नाताई फोनच्या पडद्यावर हसत म्हणाली आणि बाजूला सरकली. मागे तिचं शिलाई मशीन होतं.

वेंग पलंगावर ताडकन उठून बसली. एका ब्लाउजसाठी मैत्रिणींसोबत तीन मॉल पालथे घालणारी ही पोरगी. टाळेबंदी लागल्यापासून तिचा सगळा बाजार रोज दुपारी चारला या पडद्यावर भरायचा, तोही दोन गल्ल्या पलीकडच्या मामेबहिणीचा. ताई कपडा दाखवायची. खाली जो आधी 'माइन' लिहील, त्याचा तो. गरज नसताना वेंगने सात ब्लाउज असेच घेतले होते, ताईची चूल पेटावी म्हणून. ते सगळे याच मशीनवरचे. हेच गेलं तर ताई उद्या विकणार काय?

आपणच घ्यायचं, वेंगने ठरवलं. शेवटच्या पगारातलं उरलंसुरलं देऊन टाकायचं आणि मशीन तिथंच राहू द्यायचं. तिने 'माइन' लिहून बोट दाबलं. चक्र नुसतं फिरत राहिलं. डेटा संपला होता.

रिचार्ज मिळणार नाक्यावरच्या दुकानात. बाहेर पडायचा पास घरटी एकच, तो घेऊन बाबा तांदळाच्या रांगेत उभे. वेंग खिडकीतून शेजारच्या घराकडे बघत ओरडली, "चारिंग काकू, हॉटस्पॉट द्या ना, पटकन!"

"परत ब्लाउज? घालून जाणारेस कुठे, न्हाणीघरात?"

"काकू, हात जोडते!"

काकूंनी आधी चष्मा शोधला, मग फोन, मग पासवर्ड आठवत बसल्या. वेंगला रडूच यायचं बाकी होतं.

फोनवरचं चित्र पुन्हा हललं तेव्हा तिचं 'माइन' चौथं लागलं. पहिलं दूरच्या लगूना प्रांतातल्या कुणा बाईचं. ताई तिच्यासाठी टाळ्या वाजवत होती.

'ताई, मला दे ना,' वेंगने लिहिलं. खरं कारण एवढ्या लोकांसमोर कसं लिहिणार?

ताईने ते वाचलं आणि खळखळून हसली. "अगं वेंग, शब्द म्हणजे शब्द, सगळे बघतायत. आणि तुला कशाला गं मशीन? साधी सुई ओवता येत नाही तुला! काय शिवायचं असेल ते दे माझ्याकडे पाठवून, मी नेहमीसारखं शिवून..."

तिचा हात मशीनच्या चाकावर थांबला. खाली लोक अजून टाळ्यांची चित्रं पाठवत होते.