जूनच्या आत

डॉक्टर सबनीसांनी कागदावर जठराचं चित्र काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. रेघेच्या वर उरलेला भाग जेमतेम लिंबाएवढा होता. ऑपरेशननंतर जेवण मावणार ते एवढ्यातच, ते म्हणाले. जन्मभर. अमेरिकेत त्यांनी अशी बरीच केली होती, इथे आल्यावर दोनच.

"करून टाका," जयमाला म्हणाली.

नंदकिशोर म्हणाला, घरी जाऊन विचार करू. तिचा विचार झाला होता.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. जयमालाचं वय चौतीस आणि वजन एकशे बारा किलो. वाशीतली त्यांची सिडकोची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि बिऱ्हाड चौथ्यावर. गेल्या गणपतीत जिन्यात चक्कर येऊन पडल्यापासून ती खाली उतरली नव्हती. आज उतरली ती प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांच्या स्टुलावर बसत.

शाळेतून बिनपगारी रजा चालू होती. हेडबाईंचं पत्र आलं होतं. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हा, नाहीतर जागा भरावी लागेल. अकरा वर्षं तिने चौथीचा वर्ग घेतला होता. वर्गात ती बाई होती. घरात नुसती जाडी सून.

सासूबाईंना, सरस्वतीबाईंना, हे पटलं नाही. तोंडाला कुलूप घातलं असतं तर पोट फाडायची वेळ आली नसती, असं त्या शेजारच्या मीनाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

फेब्रुवारीत दादरच्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तीन-साडेतीन तास लागतील असं सांगितलं होतं. शुद्ध आली तेव्हा खिडकीत अजून सकाळचं कोवळं ऊन होतं. लवकर आटपलं म्हणायचं, असं तिला वाटलं. नंदकिशोर पायाशी उभा होता. त्याने दाढी केली नव्हती.

टाके ओढत. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, हे सिस्टरने शिकवलं. दहाव्या दिवशी टाके काढले. जयमालाने वही उघडली आणि डॉक्टरांना पथ्यं विचारली. किती चमचे, किती वेळा, सगळं.

"जे आवडेल ते खा," डॉक्टर म्हणाले. "जाईल तेवढं."

घरी आली तर तळमजल्यावर. तळमजल्यावरच्या मोघ्यांशी बोलून नंदकिशोरने बिऱ्हाडांची अदलाबदल करून टाकली होती. ती चिडली. आता कुठे चार जिने चढता येणार, आणि आताच हे? जखम ओली आहे, एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी तो इमारतीतल्या सगळ्याच घरांत जाऊन आला. लोकांनी येऊन तिला दमवू नये, म्हणून असेल.

एप्रिलमध्ये काटा ब्याऐंशीवर आला. मे अखेरीला एकसष्टवर. ब्लाउज तीनदा आत घेतले, मग नवेच शिवले. उलट्या होत, थकवा येई, पण लिंबाएवढ्या पोटाला हे चालायचंच, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. वाशीत तेव्हा इमारतींपेक्षा मोकळं रान जास्त. संध्याकाळी ती नंदकिशोरचा हात धरून खाडीच्या वाऱ्यात कोपऱ्यापर्यंत जाऊन येई. भेटणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोले, छान झाली हो तब्येत, आणि घाईने पुढे जाई.

सासूबाईंचे टोमणे थांबले. त्या मऊ भात करत, बोंबलाची पातळ आमटी करत, आणि तिने दोन घास खाल्ले की ताट हळूच उचलून नेत. एकदा त्यांनी तिची वेणी घालायला घेतली. किती तरी वेळ त्या नुसता कंगवा फिरवत राहिल्या.

हेडबाई तर स्वतः घरी आल्या. कोणाच्या घरी न जाणारी बाई. सावकाश या, जागा तुमचीच आहे, म्हणाल्या. जयमालाने अकरा जूनला येतेच म्हणून सांगितलं. हेडबाई चहा न घेताच उठल्या.

बारीक माणसाशी लोक किती मायेने वागतात, असं तिच्या मनात येई. चौतीस वर्षं हे आपण उगाच घालवलं.

मे महिन्यात करावे गावची गोजरा मागच्या दारी मासळी द्यायला येऊ लागली. अंगाने जयमाला होती तशीच. गुडघे सुजलेले, पाटी उतरवताना भिंतीचा आधार घ्यायची. पाटी सुटली तर घर बसलं, हे तिला कळत होतं. जयमालाने आपला जुना फोटो तिला दाखवला. गोजरा फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग जयमालाने चौथीच्या मुलांना देते तशा ठळक अक्षरात हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला. माझं नाव सांग, म्हणाली, माझ्यासारखंच करा म्हणावं.

दहा जूनला नंदकिशोर बाजारात होता, सासूबाई गिरणीत गेल्या होत्या. जयमाला उद्याच्या साडीला इस्त्री करत होती. गोजरा आली. हातात पाटी नव्हती. दारातच फतकल मारून बसली.

दोन बस बदलून ती दादरला जाऊन आली होती. डॉक्टर भेटले नव्हते.

"शिस्टरनं मोठी वही काढली. तुमचं नाव, तारीख, समदं हाय. पन ऑपरेशन केलंच नाय म्हनते. पोट उघडलं, बघितलं, नि तसंच शिवून टाकलं."

वही चुकली असेल, जयमाला म्हणाली.

"मी पन तेच बोलले. तिनं परत वाचून दावलं." गोजराचा आवाज रुसलेला होता. "आपल्या मानसाशी लपवू नका, ताय. ऑपरेशन नाय, तर मंग तुमी येवढ्या बारीक कशानं झाल्या? मला पन तेच पायजे."