शनिवारपर्यंतची सर्दी

"माझाच नंबर आला की ही कशी रडते? हृदयाचा तो आवाज मला अजून एकदाही धड ऐकू आलेला नाही," शिकाऊ डॉक्टरीणबाई कुरकुरल्या. आईने तान्ह्या लेकीला थोपटून गप्प केलं आणि पुढच्या शिकाऊ डॉक्टरला जागा करून दिली. लाखात एखाद्याच बाळाच्या हृदयातल्या रक्तवाहिन्या जन्मतः अशा चुकीच्या जोडलेल्या असतात म्हणे, त्यामुळे वॉर्डात लेकीचा भाव भलताच वधारला होता. नुसतं दूध पितानाही तिचे ओठ जांभळे पडत. तेही बघायला गर्दी व्हायची.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. "ऑपरेशन शनिवारी करू. जरा सर्दी दिसतेय हिला."

सर्दीपायी ऑपरेशन पुढे ढकलायची ही तिसरी खेप. शिकाऊ मंडळी आपापले बूट न्याहाळू लागली. नर्सने नीट असलेली चादर पुन्हा नीट केली. "तुम्ही म्हणाल तसं, साहेब," बाळाचा बाप म्हणाला. आजीने तर डॉक्टरांचा मान राखायला नातीचं कोरडं नाक रुमालाने पुसूनही घेतलं.

आईने लेकीला उचलून छातीशी धरलं.

"सर्दी नाहीये तिला, डॉक्टर. शनिवारी तुमच्या परिषदेला बाहेरचे डॉक्टर येणार आहेत, त्यांच्यासमोर तुम्हाला हे ऑपरेशन करून दाखवायचंय. सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. पण तोवर ही टिकली नाही, तर त्यांना काय दाखवाल?"