मान आडवी

घरबसल्या कंपनीच्या कामात शिरता यावं, पण चोराला शिरता येऊ नये, असं सॉफ्टवेअर प्लोव्दिवची राडोस्तिना सांभाळायची. त्यात नवी सुधारणा आली: कॅमेऱ्यासमोर मान हलवून ‘हो’ म्हणायचं. सुधारणा करणारे परदेशी. बल्गेरियात मान आडवी हलवली की हो आणि खाली-वर केली की नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. गिऱ्हाईक असलेल्या सूतगिरणीतले चारशे लोक तीन दिवस ‘हो, हो’ करत बाहेरच राहिले, आणि माफीची पत्रं लिहून लिहून राडोस्तिनाचा पिट्टा पडला.

आज दुरुस्तीची शेवटची चाचणी. बारापर्यंत जमली नाही, तर गिरणीचं कामही जाणार आणि तिची नोकरीही.

"उरक गं बाई," शेजारच्या खुर्चीतून तिचा सहकारी ओग्न्यान म्हणाला.

पडद्यावर प्रश्न आला: ‘पडद्यावरच्या या तुम्हीच का?’

तिने मान आडवी हलवली. पडद्यावरच्या तिच्याच चेहऱ्याने खाली-वर केली.

"दमलीस तू! स्वतःलाच नाही म्हणतेयस," ओग्न्यान खिदळला.

"अरे, आडवीच हलवली मी."

"बरं, परत कर."

तिने परत केली. चेहऱ्याने परत नकार दिला, या खेपेला सावकाश, समजूत घातल्यासारखा. ओग्न्यानचं हसू विरलं.

तिने दोन्ही हातांनी हनुवटी गच्च धरली. पडद्यावर हात दिसेनात.

नवा प्रश्न उमटला. तो त्यांच्यापैकी कुणीच लिहिलेला नव्हता: ‘समोर बसलेल्या बाईला कायमचं बाहेर ठेवायचं का?’

चेहऱ्याने मान आडवी हलवली.